गिऱ्हाईक नसलेला लोहार

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या पहिल्या काही वर्षांत लोहाराला एका टप्प्यावर अडवून विचारलं जायचं: चिलखतं की शस्त्रं? कौशल्याचा आकडा दोनशेवर गेला आणि पात्र चाळिसाव्या लेव्हलला पोचलं की हा प्रश्न पुढ्यात यायचा. मानव आणि ड्वार्फांच्या बाजूचे खेळाडू त्यासाठी आयर्नफोर्जला जात. डोंगराच्या पोटात कोरलेलं शहर, मधोमध अवाढव्य भट्टी, खाली खदखदता लाव्हा. तिथे ग्रम्नस स्टीलशेपर आणि आयर्नस कोल्डस्टील उभे असत. पहिला चिलखतांची विद्या देणार, दुसरा शस्त्रांची. पलीकडे ऑर्कांच्या राजधानीत, ओर्ग्रिमारमध्ये, हेच काम करणारी दुसरी जोडी होती. गुरुदक्षिणा आधी द्यावी लागे. चिलखतवाल्याला मिथ्रिलची नक्षीदार शिरस्त्राणं, बूट आणि छातीकवच करून द्यायचं. शस्त्रवाल्याला तलवारी, कुऱ्हाडी, गदा. एकाच्या पायाशी बसलं की दुसऱ्याचं दार बंद. पुढे मन बदललंच, तर अख्खी लोहारकी टाकून द्यायची आणि पुन्हा तांब्यापासून सुरुवात करायची.

ही तांब्यापासूनची वाट लांबलचक होती. आधी तांबं, मग त्यात कथील घालून कांसं, मग लोखंड, लोखंडात कोळसा घालून पोलाद. इथवरचं धातुशास्त्र जवळपास शाळेतलंच. मग मिथ्रिल, जे टॉल्किनच्या कादंबऱ्यांमधून उसनं आणलेलं. आणि त्याच्यावर थोरियम! केरळच्या मोनाझाइट वाळूतलं थोरियम, होमी भाभांच्या अणुकार्यक्रमाचा तिसरा टप्पा ज्याच्या भरवशावर आखलेला ते थोरियम, ही मंडळी कुदळीने खडकातून उकरत होती, भट्टीत वितळवून त्याच्या लगडी पाडत होती आणि शिरस्त्राण म्हणून डोक्यावर चढवत होती. दहावीला यावर टीप लिहिलेल्या माणसाला पहिल्यांदा ते बघताना हसू आवरत नाही. मग सवय होते. माणसाला थोरियमच्या टोपीचीही सवय होते.

घडवणं म्हणजे एक बटण. पट्टी भरत जाते, पात्र हातोडा उगारतं, ऐरणीवर ठणठण होते, वस्तू पिशवीत पडते. चटका नाही, घाम नाही, धातू जास्त तापून जळत नाही, पाणी देताना पातं वाकडं होत नाही. जे काही शिकायचं ते रंगांवरून. कृतीचं नाव नारिंगी असेल तर ती केल्यावर कौशल्य नक्की वाढणार, पिवळं असेल तर बहुधा, हिरवं असेल तर क्वचित, राखाडी झालं की त्या कृतीतलं तुमचं शिक्षण संपलं. त्यामुळे प्रत्येक शिकाऊ लोहार एकच गोष्ट करायचा: सगळ्यात कमी धातूत निघणारी नारिंगी कृती शोधायची आणि तीच वस्तू करत सुटायची. एकसारख्या मनगटपट्ट्यांनी पिशव्या भरत. त्या घालणार कोण? कोणीच नाही. दुकानदाराच्या नावाने जो संगणकी पुतळा उभा असतो तो काहीही विकत घेतो, त्याला कवडीमोलाने विकायच्या आणि पुढची खेप लावायची.

मी त्या काळात नोकरीसाठी इंग्लंडात होतो. रविवारी घरी फोन व्हायचा. एकदा फोन मामाच्या हातात गेला. मामाची उभी हयात मुंढव्याला एका फोर्जिंगच्या कारखान्यात गेलेली. आईने त्याला काहीबाही सांगितलेलं असणार.

"काय रे, लोहारकी शिकतोयस म्हणे?"

"गेममध्ये रे मामा."

"हो, कळलं ते. काय ठोकतोस?"

"सध्या मनगटपट्ट्या. पुढे तलवारी करीन म्हणतो."

"कोणासाठी?"

मी म्हटलं, तसं कोणासाठी नाही, कौशल्य वाढवायला. मामा म्हणाला, "म्हणजे आयटीआयचा जॉब. फायलिंग करा, मास्तरला दाखवा, भंगारात टाका." आणि त्याने फोन आईकडे दिला. त्याने सहज म्हटलं होतं, पण लोहारकीतल्या त्या निवडीकडे मी पुढे ज्या नजरेने बघत आलो ती त्याच्या 'कोणासाठी?' या एका शब्दातून आलेली आहे. चिलखत की शस्त्र, तलवार की कुऱ्हाड, हे प्रश्न कलेचे वाटतात, आवडीनिवडीचे वाटतात. खरे ते गिऱ्हाइकाचे असतात.

शस्त्रांची वाट धरणाऱ्याला पुढे आणखी एक फाटा लागे. त्यासाठी उत्तरेच्या बर्फात, विंटरस्प्रिंगमधल्या एव्हरलुक नावाच्या गॉब्लिनांच्या वस्तीवर जायचं. तिथे तिघं उस्ताद होते. लिलिथ गदा-हातोड्यांची, किलराम कुऱ्हाडींचा, सेरिल तलवारींचा. पुन्हा तेच, तिघांपैकी एक. खेळाडू कशाच्या जोरावर निवडत? काही जण रूपावर जात. दुहाती तलवार पाठीवर टाकलेलं आपलंच पात्र मागून कसं दिसतं, याचा लोकांनी जितका विचार केलाय तितका लग्नाच्या फोटोंचाही केला नसेल. काही जण मित्राने घेतलं म्हणून घेत. पण पुष्कळांची निवड त्यांनी पात्राचा वंश ठरवला तेव्हाच अर्धी झालेली असे. खेळात मानवांचा हात तलवारीवर आणि गदेवर जन्मतः थोडा जास्त बसलेला, ऑर्कांचा कुऱ्हाडीवर. ऑर्क म्हणून जन्म घेतला की किलरामकडे जायची ओढ आपोआप लागायची. जिथे जन्म स्वतःच्या हाताने, यादीतून निवडता येतो, अशा दुनियेतही बनवणाऱ्यांना जन्माचा कल ठेवावासा वाटला. आपल्याकडे लोहार बारा बलुतेदारांतला. त्याला ना यादी मिळाली ना फाटा. फाळ, विळा, कुऱ्हाड, गाडीच्या चाकाची धाव, गावाला लागेल ते सगळं त्यानेच करायचं आणि खळ्यावर धान्य घ्यायचं. गिऱ्हाईक मात्र त्याला उभं गाव होतं, हे दुसऱ्या बाजूला मांडायलाच हवं. आणि ते मांडलं म्हणून पहिली बाजू हलकी होत नाही.

तेव्हाच्या खेळात खासियतीला गिऱ्हाईक होतं. कुऱ्हाडवाल्याने आर्केनाइट रीपर केली की तिच्यासाठी योद्धे रांग लावत. ती कुऱ्हाड दुसऱ्याला देता यायची, लिलावात मांडता यायची. आर्केनाइट हा धातू लोहाराला करताच येत नसे; थोरियमची लगड आणि एक स्फटिक घेऊन किमयागाराकडे जावं लागे, आणि त्यालाही ती किमया दोन दिवसांतून एकदाच जमे. म्हणजे एका कुऱ्हाडीमागे खाणीत उतरणारा, किमयागार, लोहार आणि शेवटी ती खांद्यावर घेणारा, असा माणसांचा एक छोटा बाजार उभा राहायचा. वस्तूवर घडवणाऱ्याचं नाव उमटे. आपण ज्याला कधी भेटलो नाही असा कुणी अनोळखी खेळाडू आपल्या नावाचं पातं घेऊन पुढ्यातून जाताना दिसे, आणि तेवढ्यापुरतं त्या बटण दाबण्याला लोहारकीचं पाणी चढे.

जानेवारी २००७ मध्ये 'द बर्निंग क्रुसेड' हे विस्तारित पर्व आलं आणि खासियतीचं सोनं झालं, असं सगळे म्हणू लागले. हातोडेवाल्याला थंडर, त्यातून डीप थंडर, त्यातून स्टॉर्महेराल्ड. तलवारवाल्याला लायनहार्ट नावाची तशीच चढती मालिका. कुऱ्हाडवाल्याला लूनर क्रेसेंटपासून ब्लडमूनपर्यंत. चिलखतवाल्याला राजांच्या नावाची छातीकवचं. एकच हत्यार पुन्हा भट्टीत घालून वरच्या दर्जाचं करायचं; दुसऱ्या पायरीला अवघड गुहांतल्या म्होरक्यांकडून मिळणारा एक दुर्मीळ पदार्थ हवा, तिसरीला त्याहून दुर्मीळ. कल्पना फार देखणी होती. मेख एकच. ही हत्यारं घडवणाऱ्यालाच बांधलेली होती. देता येत नव्हती, विकता येत नव्हती. उचलायची तर स्वतः त्याच खासियतीचा लोहार असावं लागे.

त्याच पर्वात अरीना आली, दोघादोघांच्या, तिघातिघांच्या, पाचापाचांच्या कुस्त्या. स्टॉर्महेराल्डचा घाव बसला की अधूनमधून समोरचा चार सेकंद जागच्या जागी सुन्न व्हायचा. अरीनात चार सेकंद म्हणजे माणूस आडवा. झालं! ज्याने आयुष्यात तांब्याचा खिळा केला नव्हता असा प्रत्येक योद्धा लोहारकी शिकू लागला. बाजारातून धातूच्या राशी विकत घ्यायच्या, आठवड्याच्या सुट्टीत तळापासून टोकापर्यंत कौशल्य चढवायचं, हातोडेवाला व्हायचं, आपला एक हातोडा करायचा आणि पुन्हा ऐरणीकडे ढुंकून बघायचं नाही. सर्व्हरवर लोहार गल्लोगल्ली झाले आणि लोहारकी संपली, असं माझं मत आहे. आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघात, नावाचे लोहार भरपूर होते. तरी एखाद्या नव्या खेळाडूला साधं पोलादी पातं हवं असलं, तर ते करून देणारा सापडायचा नाही.

मी तलवार घेतली. अरीनाचा मला कंटाळा होता आणि लायनहार्टचं पातं बघत बसावं असं होतं. ती तलवार मी करून पाठीवर टाकली तेव्हा तिच्यावर 'घडवणारा' म्हणून माझंच नाव, वापरणाराही मीच. पाटी लावणारा आणि पाटी वाचणारा एकच माणूस असला की पाटीचं काय करायचं, हे अजून मला कळलेलं नाही.

हे असंच असायला हवं होतं असं मात्र नाही, कारण याच्या आधीच्या दोन खेळांनी दुसरी रीत घालून दिली होती. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये ब्रिटन नावाच्या शहरात भट्टीपाशी लोहार खेळाडू खरोखर उभे राहत. तिथे हत्यारं आणि चिलखतं झिजत. जंगलातून राक्षसांशी भांडून आलेले लोक येऊन म्हणत, एवढं ठोकून दे. कसलेल्या लोहाराच्या उत्तम वस्तूवर त्याची मोहोर असे, आणि ती बघूनच दुसऱ्या वेळी लोक त्याच्याकडे येत. या खेळाचा प्रमुख रचनाकार राफ कोस्टर. पुढे २००३ मध्ये आलेल्या स्टार वॉर्स गॅलेक्सीजचीही सर्जक सूत्रं त्याच्याकडे होती, आणि तिथे तर त्याने कारागिराला लढण्याच्या सक्तीतून मोकळंच केलं. तुम्ही शस्त्रकार व्हा, चिलखतकार व्हा, एकही गोळी न झाडता वर्षानुवर्षं खेळा. खनिजांचे साठे जागा बदलत, संपत, नवे निघत. प्रत्येक साठ्याचा कस वेगळा. चांगल्या कसाचं पोलाद निघालं की कारागीर ते पुढच्या दोन-चार महिन्यांसाठी भरून ठेवत. वाळवंटी ग्रहावर एखाद्या आडजागी घर बांधून त्यात विक्रेता उभा करायचा. माल चांगला असला तर लोक वाट वाकडी करून तिथवर येत. बंदुका वापरून झिजत, म्हणून गिऱ्हाईक परत येई. मोडणारी वस्तू हा त्या सगळ्या व्यवस्थेचा पाया होता. खेळाडूंना आपली आवडती वस्तू झिजलेली आवडत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण न झिजणाऱ्या तलवारींच्या दुनियेत लोहार एकदाच लागतो.

नोव्हेंबर २००५ मध्ये गॅलेक्सीजची सगळी मांडणी मोडून सोपी केली गेली. चौतीस व्यवसायांचे नऊ झाले. शस्त्रकार आणि चिलखतकार ही नावं जाऊन कारागिरांची एकच 'व्यापारी' नावाची मोट बांधली गेली. पुष्कळ लोक तेव्हा खेळ सोडून गेले.

खऱ्या दुनियेत खासियत कशी येते, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात काटेकोर उदाहरण जर्मनीतल्या झोलिंगनचं. पंधराव्या शतकात तिथे तलवारीचं काम वेगवेगळ्या संघांत वाटलेलं होतं. पातं ठोकणारे निराळे, त्याला पाणी देऊन कठीण करणारे आणि सहाणेवर धार लावणारे निराळे, मूठ बसवून तलवार पुरी करणारे निराळे. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. विद्या बापाकडून मुलाकडे. म्हणजे 'मी तलवारवाला होऊ का' असं कुणी कोणाला विचारत बसलं नाही. ज्या घरात पाळणा हलला त्या घरचं काम. आणि तरी या पात्यांना गिऱ्हाईक केवढं दूरचं! युरोपातली सरळ, लांब पाती समुद्रावरून दख्खनला उतरत, इथे त्यांना आपल्या घडणीची मूठ बसे आणि ती फिरंग म्हणून मराठी फौजांत नांदे. ती पाती झोलिंगनहून येत तशी युरोपातल्या दुसऱ्या गावांहूनही येत. पण त्यातलं एखादं पातं ठोकणाऱ्या झोलिंगनच्या लोहाराला सह्याद्री हा शब्द ऐकून माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मामाचंही तसंच. तो हीट ट्रीटमेंटला होता. ते खातं त्याने निवडलं नव्हतं. भरती झाली तेव्हा तिथे माणूस हवा होता. क्रँकशाफ्ट हातोड्याखालून त्याच्याकडे येत, तो ते तापवून तेलात सोडत असे, पुढे ते मशीन शॉपला जात. कुठल्या ट्रकमध्ये बसले, कोणत्या घाटात चढले, त्याला कळलं नाही. तरी रस्त्यात बंद पडलेला ट्रक दिसला की तो थांबून विचारायचा, काय गेलं? क्रँक गेला नाही असं कळलं की पुढे निघायचा. मुंढव्याचा हा उस्ताद आणि एव्हरलुकचे ते तिघं यांत मी कोणाकडे शिकलो असतो, हे सांगायला नको.

नोव्हेंबर २००८ मध्ये पुढचं पर्व आलं, 'रॅथ ऑफ द लिच किंग'. त्यात हातोडेवाले, कुऱ्हाडवाले, तलवारवाले यांच्यासाठी नवं असं काहीच नव्हतं. लोहाराला स्वतःच्याच हातमोज्यांत आणि मनगटपट्टीत रत्नासाठी एकेक खोबण पाडता यायची, एवढा मान. पुन्हा स्वतःचीच मनगटपट्टी. खासियतीची नावं यादीत राहिली, कामं गेली. पुढे २०१९ मध्ये जुना खेळ जसाच्या तसा परत आणला गेला आणि २०२१ मध्ये बर्निंग क्रुसेडही परतलं, तेव्हा उत्सुकतेने बघायला गेलो. या वेळी निवड करताना कोणी थबकलंच नाही. चौदा वर्षांत सगळ्यांची गणितं मांडून झाली होती. कोणी काय व्हायचं, कोणत्या आठवड्यात कोणती पायरी गाठायची, कोणती मनगटपट्टी कितीदा ठोकायची, सगळ्याचे तक्ते तयार होते. एव्हरलुकला गर्दी लिलिथपाशी. सेरिल बिचारा बर्फात उभा.

नोव्हेंबर २०२२ च्या 'ड्रॅगनफ्लाइट'मध्ये मात्र खासियत परत आली, आणि या वेळी तिच्याबरोबर गिऱ्हाईकही आलं. ऐरणीपाशी आता मागणीचा फळा असतो. ज्याला वस्तू हवी तो आपला माल पुढे ठेवतो, किमान दर्जा सांगतो, मजुरी लिहितो. मागणी सगळ्यांसाठी खुली ठेवता येते, गिल्डपुरती ठेवता येते, किंवा थेट एखाद्या लोहाराच्या नावे पाठवता येते. वस्तू त्यालाच बांधली जाते. पण घडवतो दुसरा. वस्तूचे पाच दर्जे असतात आणि वरचे दर्जे गाठायचे तर ज्ञानाचे गुण एकाच फांदीत साठवावे लागतात. शस्त्रांची फांदी, चिलखतांची फांदी. चिलखतात पुन्हा मोठी कवचं आणि ढाली एकीकडे, शिरस्त्राणं, खांदे आणि बूट दुसरीकडे, कमरपट्टे, हातमोजे आणि मनगटपट्ट्या तिसरीकडे. हे गुण आठवड्याला मोजकेच मिळतात आणि एकदा खर्चले की परत मागता येत नाहीत. पुरेसा धीर असला तर सगळ्या फांद्या भरतात खऱ्या. त्यामुळे इथे काही कायमचं सोडावं लागत नाही. पण पहिले कित्येक महिने तुम्ही कशाचे लोहार आहात हे ठरवावंच लागतं, आणि बाजार तेवढ्यावर तुम्हाला ओळखतो. ही व्यवस्था किचकट आहे. तिच्या पडद्यावरचे आकडे बघून आयकर विवरणपत्राची आठवण येते. तरी माझ्या मते या खेळाने लोहाराला दिलेली ही सगळ्यात बरी जागा आहे.

मी कमरपट्टे, हातमोजे आणि मनगटपट्ट्यांची फांदी घेतली. मोठी हत्यारं आणि छातीकवचं करायला सगळेच धावले होते. पोलादी चिलखत घालणारे तीन वर्ग आहेत, योद्धे, पॅलाडिन आणि डेथ नाइट, आणि कंबर त्या तिघांनाही असते. पहिल्याच आठवड्यात कळलं की नुसता दर्जा पुरत नाही. कामाच्या वेळी हजर असावं लागतं, निरोपाला उत्तर द्यावं लागतं, मजुरी किती म्हणून विचारलं तर ताबडतोब आकडा सांगावा लागतो. मी सुरुवातीला "तुम्हाला योग्य वाटेल ते" असं लिहायचो. त्याचा युरोपभर एकच अर्थ होतो, फुकट. आता दर ठरलेला आहे. घासाघीस करणाऱ्यांत एक जण तर ठरलेला. दर पर्वात नवा कमरपट्टा लागतो आणि दर वेळी तो जुनाच दर आठवून देतो. मागे त्याने ढालही होईल का म्हणून विचारलं. माझ्याच्याने ती तिसऱ्या दर्जाच्या वर गेली नसती. त्याला मी ढालीवाल्या एका लोहाराचं नाव दिलं. तो गृहस्थ कमरपट्ट्याची गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवतो. कमिशन दोघंही घेत नाही. निदान मी तरी घेत नाही.